साक्षीच्या दाढेबाबतचा खुलासा

बदनापूर,
रविवार, दि. १२ ऑक्टोबर

आदरणीय व्याही सर्जेराव बोर्डे गुरुजी, मुक्काम परतूर, यांस पुंजाराम हिवाळे याचा मानाचा जय भीम. विहीणबाई कांताबाईंनाही माझा जय भीम सांगावा (त्या घेतील तर).

आपल्या गुडघ्याचं कसं काय? जिना चढणं बंद करा असं मी मागेच सुचवलं होतं, पण तुमचं घरच वरच्या मजल्यावर, त्यामुळे सूचना अमलात आणणं अवघड गेलं असेल. विहीणबाईंची साखर आटोक्यात असावी. इकडे माझी तब्येत बराबर आहे, म्हणजे झोप लागत नाही, घास गोड लागत नाही, बाकी रक्तदाब बिलकुल उत्तम. फोन करायचा सोडून हा माणूस पत्र का लिहून राह्यला, असं तुम्हाला वाटेल. तर फोनवर समोरच्याला मधे बोलता येतं. तुम्ही मधे नुसतं 'हं' जरी म्हणालात तरी मी विषय बदलून सोयाबीनच्या भिजलेल्या शेंगांवर जाईन आणि ख्यालीखुशाली विचारून फोन ठेवीन, याची मला स्वतःबद्दल खात्री आहे. सदतीस वर्षं इथल्या शेतकी संशोधन केंद्रात लिपिक होतो. खुलासा लेखी द्यावा, एवढं तिथे शिकलो. (तुम्ही आयुष्यभर मास्तर. शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने जरूर काढा, फक्त पत्र शेवटपर्यंत वाचून झाल्यावर काढा.)

संध्या तुमच्याकडे आली त्याला आज बत्तीस दिवस झाले. तिने तुम्हाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. तिचा स्वभाव पाहता काहीच सांगितलं नसेल. सासरी भांडण झालं, एवढ्यावर तुम्ही समजून घेतलं असेल. भांडण झालं हे खरं. ते साक्षीच्या दाढांवरून झालं हेही खरं. पण त्या दाढांचं पुढे काय काय झालं आणि कुणामुळे झालं, हे या पत्राचं कारण.

आपली नात साडेसहा वर्षांची झाली तेव्हा तिच्या दुधाच्या दातांच्या मागे चार नव्या दाढा आल्या, दोन खाली, दोन वर. घरात आनंद झाला. पण दाढा पांढऱ्या यायच्या त्या पिवळट-तपकिरी आल्या. पावसाळ्यात वर्गाच्या खिडकीत भिजलेला खडू तुम्ही पाहिला असेल, तशा. आणि खडूसारख्याच झिजायला लागल्या. आज कोपरा होता, तो पुढच्या महिन्यात नाही. माठातलं पाणी प्यायली की पोरगी गालावर हात ठेवून डोळे मिटायची. आधी भाकरीचा पापुद्रा सोडला, मग भाकरीच सोडली, मग पोळी दुधात कुस्करून खायला लागली. आम्ही म्हणायचो, लाडावली.

हे सुरू झालं आणि आमच्या गल्लीत दंतवैद्यकाची केवढी प्रतिभा दडून बसली होती ते मला कळलं. एकाने बोअरच्या पाण्याला दोष दिला, एकाने टॉनिकला, एकाने मोबाईलला (दाढेचा आणि मोबाईलचा संबंध त्याने सांगितला होता, पण मी विसरलो). लवंगेचं तेल झालं, तुरटी झाली, मीठ-हळद झाली, कडुलिंबाची काडी झाली. आमच्या हिचं, म्हणजे बेबीनंदाचं, निदान पहिल्या दिवसापासून ठाम होतं: आई सकाळच्या गाडीने जालन्याला शाळेत शिकवायला जाते, पोरीच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन जाते, मंग दुसरं काय होणार? संध्या सांगायची की बिस्किटं मी देत नाही, डबा देते. ते कुणी ऐकलं नाही. बिस्किटं कोण देत होतं, हे सांगायची ही जागा आहे म्हणून सांगतो. मी देत होतो. दुपारच्या चहाबरोबर, दोन.

मी मात्र शास्त्रीय मार्ग धरला. दात घासत नाही म्हणून सडतात, हे पुस्तकात लिहिलेलं आहे. मग मी साक्षीचं हजेरीपत्रक आखलं. सकाळ, संध्याकाळ, दोन रकाने, आणि तिसरा शेऱ्याचा. नळाजवळ मी घड्याळ घेऊन उभा राहायचो आणि ती कडक ब्रशने (मऊ ब्रश म्हणजे फसवणूक, असं माझं मत होतं) माझ्यासमोर तीन मिनिटं दात घासायची. ती रडायची. मला ते नाटक वाटायचं. केंद्रातले रोजंदारीवरचे लोकसुद्धा हजेरीच्या वेळी असंच तोंड करायचे. पहिल्या आठवड्यात ती रकान्यात 'साक्षी' अशी पूर्ण सही करायची. तिसऱ्या आठवड्यात नुसता 'सा' काढायची. मी शेरा मारला: 'सुधारणा आवश्यक.' गुरुजी, त्या दाढांवरचं कवचच कच्चं होतं. उघड्या जखमेवर कुणी रोज दोन वेळा काथ्या घासावा, तसं ते होतं. हे मला नंतर कळलं. मला जे जे कळलं ते नंतरच कळलं, हे पुढे तुमच्या लक्षात येईलच.

पोळ्याच्या आधीचा रविवार. त्या दिवशी विहारात माझं भाषण झालं, विषय: वैज्ञानिक दृष्टिकोन. अंगारे-धुपारे, गंडेदोरे, अर्धवट वैद्य यांवर मी असा तुटून पडलो की दोन जणांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, बुधवारी, संध्या शाळेत आणि प्रेम सीड कंपनीच्या कामाला भोकरदनकडे गेलेला असताना, साक्षीने पेरू चावला आणि खालच्या डाव्या दाढेचा मोठा कपचा निघाला. पोरगी भिंतीला डोकं घासायला लागली. ही म्हणाली, "अवं, उचला तिला, कुठं तरी न्या." संध्याला फोन लावा, असं हिच्याही मनात आलं नाही आणि माझ्याही नाही. मी पोरीला मोटारसायकलवर पुढे बसवलं आणि जवळच्या दातवाल्याकडे नेलं.

त्याचं नाव-गाव लिहीत नाही. एक खोली, त्यात न्हाव्याच्या दुकानातली वर-खाली होणारी खुर्ची आणि भिंतीवर काचेत लावलेलं सर्टिफिकेट. ते मी निघताना वाचलं. मराठी टंकलेखन, वेग तीस. (मी स्वतः चाळीसचा पास आहे. त्या हिशेबाने खुर्चीमागे मी उभा राहायला हवं होतं.) पण सगळा दोष त्याच्या अंगावर टाकायचा तर तेही खोटं होईल. त्याने दाढ पाहिली आणि मला विचारलं, "काका, दुधाची हाय का पक्की?" म्हणजे त्याला शंका होती. शंका मला नव्हती; मागून आलेली असली तरी या वयात पक्की कुठली, असा माझा हिशेब होता. मी म्हणालो, "आठ वर्षांची पोरगी हाय. दुधाचीच. काढा, नवी येईल."

त्याने इंजेक्शन दिलं. ते लागलं नाही. ही असली दाढ आतून इतकी चिडलेली असते की साध्या इंजेक्शनने बधिर होता होत नाही, हे मला नंतर एका खऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. साक्षी ओरडली. दातवाला म्हणाला, धरा. मी धरलं. डाव्या हाताने कपाळ आणि उजव्या हाताने तिचे दोन्ही हात. दाढ तीन तुकड्यांत निघाली. पहिला तुकडा निघाल्यावर मला थांबा म्हणता आलं असतं. मी तिला म्हणालो, "झालं, झालं, संपलं बघ." संपलं नव्हतं.

घरी आल्यावर ते तुकडे मी कागदात बांधून तिच्या हातात दिले आणि पत्र्यावर फेकायला लावले. दुधाचा दात पत्र्यावर फेकला की नवा येतो ना! तिच्या तोंडात कापूस होता, फ्रॉकवर रक्त होतं, आणि मी टाळ्या वाजवल्या.

संध्या संध्याकाळच्या गाडीने आली. तिने पोरीचं तोंड उघडून मोबाईलच्या उजेडात पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाली, "मामा, ही दुधाची नव्हती. सहाव्या वर्षी मागं येते ती पक्की असते. आता तिथं दुसरी येत नसते." तिच्या शाळेत दातांचं शिबिर झालं होतं, तिथे तिने ऐकलं होतं. यावर मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तू मला शिकवू नको. मी सदतीस वर्षं संशोधन केंद्रात काढलेत." तिथे तुरीच्या वाणांवर संशोधन होत होतं आणि मी त्यांचे कागद फायलीला लावत होतो, हे तिलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून सुट्टी काढून ती साक्षीला जालन्याला लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. बाई आहेत, भावना नावाच्या, वयाने आपल्या संध्याएवढ्याच. तिथून ती कागद घेऊन आली. दाढ पक्कीच होती. उरलेल्या तिन्हींनाही तोच आजार, उपचार न केल्यास त्याही जातील. कागद तिने माझ्या हातात दिला. मी वाचला आणि घडी करून खिशात ठेवला, हिला दाखवला नाही. असे वीस दिवस गेले. ही घरात बोलत राहिली की आईच्या हेळसांडीने पोरीची दाढ गेली, आणि मी ताटावर मान घालून जेवत राहिलो.

दहा सप्टेंबरला शेजारच्या दोघी चाळणी मागायला आल्या होत्या. त्यांच्यासमोर ही बोलून गेली, "गरवारपणात गोळ्या गिळल्या, त्याची फळं पोरीच्या तोंडात आली. वर नोकरीचा तोरा." संध्या पोळ्या लाटत होती. तिने लाटणं ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मामा, तुम्ही सांगा." एवढंच. खुलासा मागितला की तो द्यायचा असतो, मीच कितीतरी जणांना तशी पत्रं टाईप करून दिली आहेत. मी उठलो आणि म्हणालो, "नळाला पाणी आलं का बघतो." आमच्याकडे त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती.

मी परत आलो तोवर तिची बॅग भरून झाली होती. ती साक्षीला नेणार होती. हिने दाराला कडी घातली, पोरगी आमची आहे म्हणाली. प्रेम म्हणाला, "सहामाही परीक्षा होऊ दे, मंग बघू." साक्षी दोघींच्या मधे उभी राहून आळीपाळीने दोघींकडे पाहत होती. संध्या एकटी गेली. स्टेशनापर्यंत तिची बॅग कुणी उचलली नाही, हेही लिहून ठेवतो.

आता उरलेल्या तीन दाढा. डॉक्टरांच्या तारखा संध्याने आधीच घेऊन ठेवल्या होत्या, आणि प्रेमला कंपनीच्या कामातून सवड नव्हती (सवड असती तरी नेलं असतं का, सांगता येत नाही), म्हणून साक्षीला घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी दवाखान्याच्या दारातच तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आत गेली ती खुर्चीत बसेना. मी उचलून बसवायला गेलो तर माझ्या अंगठ्याला अशी चावली की नख काळं पडलं. चावल्यावर मात्र स्वतःच कळवळली, कारण चावायलाही दाढा लागतात. डॉक्टर म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही बसा खुर्चीत." मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. म्हणाल्या, "तिला बघू द्या." मग मी उताणा, तोंड उघडं, डोळ्यांवर दिवा, आणि साक्षी हातात छोटा आरसा घेऊन माझे दात मोजून राह्यली, असा देखावा झाला. इथे आणखी एक कबुली द्यावी लागते. माझ्या वरच्या चार दाढा तारेने बसवलेल्या आहेत. लग्नाच्या बैठकीत तुमच्यासमोर मी ऊस सोलून खाल्ल्याचं दाखवलं होतं, तो मागच्या बाजूला नेऊन टाकला होता. साक्षीने त्या चार दाढा बोटाने हलवून पाहिल्या आणि डॉक्टरांना म्हणाली, "आबाच्या खोट्या हायेत." मग मला विचारलं, "आबा, तुमच्या बी त्याच माणसानं काढल्या का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आत येण्याआधी भरून दिलेल्या कागदावर 'दाढ कुणी काढली' या प्रश्नापुढे मी 'एक नातेवाईक घेऊन गेले होते' असं लिहिलं होतं. तो नातेवाईक खुर्चीत उताणा पडला होता. मी तोंडातला आरसा काढला आणि सांगितलं, मीच नेलं होतं.

त्या बाईंनी मला रागावायला पाहिजे होतं. रागावल्या नाहीत. साध्या भाषेत समजावून सांगितलं. या दाढांचं वरचं कवच पोर जन्मायच्या सुमारास आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत हिरडीच्या आत तयार होत असतं. तेव्हा काही बिघाड झाला तर कवच जाडीला पूर्ण होतं, पण कच्चं राहतं. मग दाढ वर आली की चावण्याच्या जोराने मोडते. कधी लहानपणच्या आजारपणामुळे होतं, कधी कारण सापडतच नाही. मी विचारलं, ब्रशने? नाही. आईच्या गोळ्यांनी? "आजोबा, कुणा एकाच्या नावावर टाकता येईल असं कारण यात मिळत नाही. आणि टाकून दाढ मिळत नाही." साक्षी एक वर्षाची असताना तिला न्यूमोनिया झाला होता, तो तुम्हाला आठवत असेल. संध्या नऊ दिवस दवाखान्यातल्या स्टुलावर बसून होती. त्यामुळे झालं असेल का, असं मी विचारलं. असेलही, म्हणाल्या, नक्की नाही सांगता येत. मला तिथून लवकर निघावंसं वाटायला लागलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी तिन्ही दाढांना औषधाचा लेप दिला, वरच्या दोन्हींत तात्पुरतं सिमेंट भरलं, आणि दुखणं जरा शांत झाल्यावर तिसऱ्या खेपेला वरच्या डाव्या दाढेवर स्टीलची टोपी बसवायचं ठरलं. टोपी म्हणजे दाढेच्याच आकाराची, बरणीला झाकण बसावं तशी दाबून बसते, आणि आतली दाढ मोडायची थांबते. सुरू करायच्या आधी डॉक्टर साक्षीला म्हणाल्या, "दुखलं, किंवा नुसतं थांबावंसं वाटलं, तर डावा हात वर करायचा. मी तिथंच थांबणार. कारण सांगायचं नाही."

साक्षीने लगेच हात वर केला. डॉक्टरांनी अजून हत्यारही उचललं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. तिने हात खाली घेतला. डॉक्टर पुढे झुकल्या, हिने पुन्हा वर केला. त्या पुन्हा थांबल्या. असं अकरा वेळा. बाहेर पोरं रडून राह्यलेली, खोळंबलेली माणसं दारातून डोकावून राह्यलेली. मला मेल्यासारखं झालं. मी ओरडलो, "अगं, त्यांनी अजून काही केलंच न्हाई!" डॉक्टर माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "करू द्या तिला." बाराव्या वेळी तिने हात वर केला नाही. टोपी बसली. दुखलं असावं, कारण दोनदा मधे हात वर झाला आणि दोन्ही वेळा काम थांबलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण ती ओरडली नाही.

परतीच्या गाडीला उशीर होता. जालना स्टेशनाच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो, ती केळ खात होती. मी आपला उगाच बोलायचं म्हणून म्हणालो, "एवढ्या वेळा कशाला गं हात वर केला? डॉक्टरीणबाई चिडल्या असत्या ना." ती म्हणाली, "खरंच थांबत्यात का ते बघत व्हते." मग केळाची साल नीट घडी करून बाकाखाली ठेवली आणि म्हणाली, "त्या दिशी मी बी हात वर केल्ता, आबा. दोनदा." मी गाडी येते का बघायला मान वळवली. ती म्हणाली, "तुम्ही धरला. मंग मला वाटलं, हात वर करायचा नसतो."

तिच्या आवाजात राग नव्हता, गुरुजी. पाढा म्हणावा तसं तिने सांगितलं. गाडी आली, आम्ही बसलो, ती खिडकीशी बसून शेतं बघत राहिली. बदनापूर येईपर्यंत तिचा हात धरावा की धरू नये हे मला ठरवता आलं नाही. शेवटी उतरताना तिनेच माझं बोट धरलं, गर्दी होती म्हणून.

त्याच संध्याकाळी मी सगळ्यांसमोर सांगितलं. ही लसूण सोलत होती, प्रेम बूट काढत होता. दाढ दुधाची आहे असं मीच म्हणालो, मीच हात धरले, कागद मीच खिशात ठेवला, सगळं. हिने सोललेला लसूण ताटलीत गोळा केला. मग म्हणाली, "संध्या जाऊन चोवीस दिवस झाले. चोवीस दिवस तिच्या माघारी बी मी तिला शिव्या घातल्या. तुम्ही ताटावर बसून ऐकल्या." मी हो म्हणालो. प्रेम बुटाकडे बघत म्हणाला, "मला म्हाईत व्हतं. संध्यानं सांगितलं व्हतं." हिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एका घरात दोन पुरुष, आणि दोघेही नळाला पाणी बघायला गेलेले. ती उठून आत गेली. त्या रात्री स्वयंपाक झाला नाही. साक्षीला तिने दूधपोळी केली, आम्ही दोघांनी मुरमुरे खाल्ले आणि तक्रार केली नाही. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. हजेरीपत्रक तिने चुलीत घातलं. मी पाहत होतो, पण विचारलं नाही.

डाव्या बाजूने आता साक्षी थोडं चावते. परवा भाकरीचा पापुद्रा तोडून खाल्ला आणि तोंड उघडून मला चकाकणारी टोपी दाखवली. शाळेत पोरं तिला 'स्टीलचा डबा' म्हणतात. तिला त्याचं काही वाटत नाही, उलट आरशात बघत बसते. जी दाढ गेली तिचं काय, तर डॉक्टरांनी फोटो काढला. तिच्या मागची दाढ अजून हिरडीत आहे, बारा-तेरा वर्षांची झाली की वर येईल. ती सरकून त्या जागेत आली तर बरं; वाकडी आली तर पुढे तारा लावाव्या लागतील. दाढ सरकायला साक्षीचं वय त्या मानाने बरं होतं, एवढंच नशीब म्हणायचं. नक्की काय ते कळायला चार-पाच वर्षं जातील. तोवर मी रोज बघणार आहे आणि मला रोज काहीच दिसणार नाही. हे मला मान्य आहे.

संध्याला परत पाठवा, असं मी या पत्रात म्हणणार नाही. ज्या घरात 'तुम्ही सांगा' म्हटल्यावर कुणी सांगत नाही, त्या घरात यायचं की नाही हे तिचं तिने ठरवावं. प्रेमने स्वतः परतूरला येऊन बोलावं, असं मी त्याला सांगितलं आहे. तो हो म्हणाला आहे. आमच्या घरातल्या 'हो'ची किंमत तुम्हाला आता माहीत झाली आहे, तेव्हा तो दारात दिसेपर्यंत धरून चालू नका.

लिहिण्यात कमी-जास्त झालं असेल तर दुरुस्त करून घ्यावं. घडण्यात जे झालं ते दुरुस्त होण्यासारखं नाही, ते तसंच वाचावं.

आपला, नात्याने व्याही आणि या प्रकरणात दोषी,
पुंजाराम हिवाळे

ता. क. : पत्र मुळात ज्यासाठी लिहायला घेतलं ते वर राहून गेलं. राहून गेलं नाही, धीर झाला नाही. गुरुवारी, सोळा तारखेला, दुपारी एक वाजता खालच्या उजव्या दाढेवर टोपी बसवायची आहे. ही सगळ्यांत खराब आहे आणि इंजेक्शन द्यावं लागणार आहे. डॉक्टरांनी साक्षीला विचारलं, त्या दिवशी जवळ कोण बसलेलं हवं? ती म्हणाली, मम्मी. मी तिथेच उभा होतो. संध्या परतूरहून जालन्याला शाळेत येतेच; सध्या परीक्षांमुळे ती साडेबाराला सुटते आणि दवाखाना तिथून दहा मिनिटांवर आहे. तिने माझ्याशी बोलायची गरज नाही. मी पोरीला दारापर्यंत आणीन आणि खाली रस्त्यावर थांबेन. डॉक्टर खुर्चीच्या उजव्या हाताला बसतात. डाव्या हाताला एक स्टूल आहे.

ता. क. दुसरा : पत्र बंद करत होतो तेव्हा ही मागे उभी होती. वाचता येत नाही असं सांगते, पण सगळं वाचलं असावं. म्हणाली, त्यात लिहा की परीक्षा बुधवारी संपते, तवा गुरुवारी तिकडूनच पोरीला परतूरला घेऊन जा म्हणावं, दिवाळी तिथंच करू द्या. मी म्हटलं, तूच लिही. म्हणाली, माझ्या तोंडून आता तिला काई गोड लागायचं न्हाई. एवढं बोलून आत गेली आणि साक्षीची पिशवी भरायला बसली. गुरुवारला अजून चार दिवस आहेत. पिशवी भरून झाली आहे: चार फ्रॉक, स्वेटर, वही, आणि मऊ ब्रश. दाराच्या कडीला अडकवून ठेवली आहे, त्यामुळे दार आता नीट लागत नाही.